झाडाखाली कोण वाकतं

झाड दिसलं की माणसं वर बघतात. अझारा आधी खाली बघायची. फांद्या, पानं, पक्षी यांची चौकशी नंतर. पहिल्यांदा बुंध्याभोवतीची जमीन. तिथे काय पडलंय, आजचं आहे की कालचं, त्यातलं कुणी काही उचललंय का, हे सगळं न्याहाळून झालं की मग ती कमरेवर हात ठेवून मान वर करायची आणि झाडाची ओळख करून घ्यायची. तिच्याबरोबर सिंगापुरातल्या आमच्या क्लेमेंटीच्या मेट्रो स्टेशनपर्यंत चालत गेलं की मला ऑफिसला उशीर ठरलेलाच. वाटेत झाडं काय कमी आहेत?

आमची पहिली भेटही झाडाखालीच झाली. आमच्या फ्लॅटमधली एक खोली आम्ही विद्यापीठात येणाऱ्या संशोधकांना भाड्याने देतो. त्या शनिवारी सकाळी घानाहून आलेल्या कुणी डॉक्टर अझारा खोली बघायला येणार होत्या. बराच वेळ झाला तरी पत्ता नाही, म्हणून मी खाली उतरले. आदल्या रात्री वारा सुटला होता. आमच्या इमारतीसमोरच्या आंब्याखाली कैऱ्या-आंब्यांचा सडा पडला होता आणि त्यात एक उंचच उंच बाई, अंगात कडक इस्त्रीचा निळा कोट, डोक्याला पिवळंधमक फडकं, ओणवी होऊन आंबे वेचत होती. वेचलेले आंबे खांद्यावरच्या ओढणीत जमा होत होते.

मी जवळजवळ धावतच गेले. इतकी वर्षं इथे राहून माझ्यात जे काही सिंगापुरी उतरलं असेल, ते म्हणजे दंडाची भीती. "अहो, ठेवा ते! सरकारी झाड आहे!"

"झाड सरकारचं," ती शांतपणे म्हणाली. "पण हे झाडानं सोडून दिलंय."

"सोडून दिलेलंही सरकारचंच."

ती सावकाश उभी राहिली. माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच काहीतरी अचकट-विचकट बोलले होते. मग म्हणाली, "मग सरकार वेचायला कधी येतं?"

एवढं विचारलं, पण तिनं वाद घातला नाही. ओढणीतला एकेक आंबा काढून जिथून उचलला होता तिथेच परत ठेवला. ढीग नाही, प्रत्येक आपापल्या जागी. झाडाला हळू आवाजात काहीतरी सांगितलं आणि हात पुसत म्हणाली, "तुम्ही सिस्टर वीणा ना? खोली मी घेतली." खोली तिनं अजून पाहिलीही नव्हती. समोर झाड आहे एवढं तिला पुरेसं होतं. (सिस्टर म्हणजे बहीण, तिच्याकडची हाक मारायची रीत. आमचं सगळं बोलणं इंग्रजीतच चालायचं. इथे ते मी माझ्या भाषेत देतेय, पण तिचा तोरा तसाच ठेवायचा प्रयत्न आहे.)

अझारा उत्तर घानातल्या एका खेड्यातली. शिकून वनस्पतिशास्त्राची डॉक्टर झालेली, देशोदेशी फिरलेली, आणि त्याचा तिला रास्त अभिमान होता. कुणी नुसतं 'अझारा' म्हटलं तर चालायचं, पण 'मिस अझारा' म्हटलं की ती थंडपणे "डॉक्टर" अशी दुरुस्ती करायची. कपड्यांचा भारी शौक. स्वयंपाकघरात लुडबुड करायची सवय, आणि वर मलाच सूचना. "सिस्टर, तुझी आमटी चांगली आहे, पण घाबरलेली आहे." म्हणजे तिखट कमी आहे.

तिच्या गावाकडे सकाळी भेटलेल्या माणसाला 'दासिबा' म्हणतात, आणि समोरच्यानं 'नाआ' म्हणायचं. मग झोप कशी झाली, घरचे कसे आहेत, गुरं कशी आहेत, प्रत्येक प्रश्नाला 'नाआ'. आमच्या ब्लॉकच्या लिफ्टमध्ये माणसं एकमेकांच्या बुटांकडे बघत उभी राहतात. तिथे ही शिरायची आणि मोठ्यानं "दासिबा!" लोक भिंतीला चिकटायचे. माझी मुलगी इरा, तेव्हा चौदा वर्षांची, लाजेनं अर्धमेली व्हायची. "आंटी अझारा, डोन्ट लाह, सो पैसेह!" इथल्या बोलीत पैसेह म्हणजे लाजिरवाणं. अझारा हसून म्हणायची, "ज्याला सकाळी कुणी विचारलं नाही, तो दिवसभर हरवलेलाच असतो."

तिला 'नाआ' म्हणणारं एकच माणूस भेटलं. आमच्या ब्लॉकभोवतीचा परिसर झाडणारी म्हातारी चिनी आंटी. तिला इंग्रजी येत नाही, अझाराला चिनी येत नव्हतं, पण दोघी रोज सकाळी त्या आंब्याखाली बराच वेळ बोलत उभ्या असायच्या. काय बोलायच्या देव जाणे. मी वर खिडकीतून बघायची आणि डबा भरायची.

एकदा मात्र तिनं सगळ्या मजल्याशी ओळख करून घेतली. तिच्या आईनं कुणाबरोबर तरी एक पुडकं पाठवलं होतं. आत काळ्या गोळ्या. दावादावा नावाच्या झाडाच्या बिया उकडून, आंबवून केलेला मसाला. तो रश्शात पडला मात्र, आमच्या घराचा नूरच बदलला. सुकट, जुनं चीज आणि पावसात भिजलेले मोजे एकत्र केले तर कदाचित जवळपास जाईल. माझा नवरा शिरीष लॅपटॉप उचलून खाली व्हॉइड डेकवर, म्हणजे इमारतीखालच्या मोकळ्या जागेत, जाऊन बसला. मग बेल वाजली. शेजारचे मिस्टर लिम नाकावर रुमाल धरून उभे. "समथिंग डाय अह?" मी माफी मागायला तोंड उघडणार, तोवर अझारानं त्यांच्या हातात वाटी दिलीसुद्धा. त्यांनी भीत भीत एक घोट घेतला. दुसरा घेतला. "ओह. लाइक बलाचान लाह," असं म्हणून ते वाटी घेऊन गेले. बलाचान म्हणजे इकडची कोळंबीची चटणी, तीही वासाला काही कमी नाही. त्यानंतर लिम स्वतःच विचारायचे, आईचं पार्सल कधी येतंय.

आई हा तिच्या बोलण्यातला कायमचा विषय होता. आई आणि शिआचं झाड. शिआ म्हणजे आपल्या मोहाच्या घराण्यातलं झाड. फळातल्या बीपासून लोण्यासारखं तेल निघतं, त्यावर तिकडचा स्वयंपाक चालतो, अंगाला लावतात, बाजारात विकतात. हे सगळं काम बायकांचं. मी ब्रह्मपुरीकडची. लहानपणी पहाटे मोहाची फुलं वेचायला जाणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत, आणि कोणत्या झाडाखाली कोणत्या घरानं वेचायचं हे ठरलेलं असतं तेही ऐकलं होतं. मी हे सांगितलं तेव्हा अझारानं चमचा खाली ठेवला. "म्हणजे तुला माहीत आहे!" ती जवळजवळ ओरडली. "मग त्या आंब्यापाशी तू माझ्याशी असं का बोललीस?"

त्या दिवशी तिनं मला गावचे नियम सांगितले. जमीन पुरुषांची. दावादावाचं झाड गावप्रमुखाचं. शिआखाली पडलेलं फळ बायकांचं. झाडावरून तोडायचं नाही, हलवायचंही नाही, पडलं तेच घ्यायचं. उजाडण्याआधी निघायचं आणि एकटीनं नाही. गवतात साप असतात, म्हणून पहिली उठेल तिनं बाकीच्यांना हाका मारत जायचं. वेचलेला ढीग एका खेपेत नेता आला नाही, तर त्यावर गवताच्या काड्यांची गाठ मारून ठेवायची. "ती गाठ बघितली की कुणी हात लावत नाही. कुलूप कशाला लागतं? कुलूप चोरांसाठी असतं, गाठ शेजारणींसाठी." सांगता सांगता तिनं माझ्या कोथिंबिरीच्या जुडीची एक काडी घेऊन सुरेख गाठ मारून दाखवली. मलाही शिकवली. माझी पहिल्यांदा सुटली. "ही गाठ बघून तर बकरीसुद्धा हसेल," असा शेरा मिळाला.

विद्यापीठात ती ज्या प्रकल्पावर होती, तो रॅफल्स प्लेसमधल्या एका कंपनीसाठी चालला होता. मीही त्याच भागात एका फायनान्स ऑफिसात हिशेब बघते, त्यामुळे हे प्रकरण मला ऐकून माहीत होतं. एकीकडे धूर सोडणाऱ्यांनी दुसरीकडे झाडं लावून घ्यायची, आणि धूर फिटला असं मानायचं. ही कंपनी उत्तर घानात पडीक जमिनीवर भराभर वाढणारी झाडं लावणार होती. कोणती जमीन त्याला योग्य, हे अझारानं सांगायचं. तिला हे काम मनापासून आवडलं होतं. आपल्या भागात झाडं येणार, यापेक्षा तिला आणखी काय हवं होतं?

मग एका संध्याकाळी ती आमच्या जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरून बसलेली मला दिसली. मी घरात शिरल्यावर तिनं मान वर केली नाही. नकाशात मोठा भाग फिकट पिवळा रंगवला होता. पिवळं म्हणजे पडीक, रिकामं. तिनं त्यावर बोट ठेवलं.

"इथे माझी आई आहे," ती म्हणाली.

शेतांच्या मधलं ते माळरान म्हणजे त्यांच्या शिआची जागा. जुनी झाडं कंपनी तोडणार नव्हती. कुंपणाच्या आत घेणार होती. म्हणजे झाडं राहणार, त्यांच्याखाली फळं पडत राहणार आणि बायका तारेबाहेर. पडलेलंही कंपनीचंच. मला आमचा आंबा आठवला.

"पण गावाला विचारलंच असेल ना?" मी म्हटलं.

"विचारलं. नीट विचारलं. गावप्रमुख होता, जमिनीचे मालक होते. जमीन कुणाची, असं विचारलं. त्यांनी खरं सांगितलं, आमची. द्यायला तयार आहात? आहोत. कुणीही खोटं बोललं नाही, सिस्टर." ती नकाशा गुंडाळू लागली. "सभा भर हंगामात सकाळी होती. बायका रानात होत्या, फळं वेचत. त्या सभेला आल्या नाहीत, म्हणून त्यांचं काही म्हणणं नाही असं धरलं." मग तिचं ते वाक्य आलं, जे पुढे मी तिच्या तोंडून कितीदा तरी ऐकलं. "झाड कुणाचं ते विचारू नका. त्याच्याखाली कोण वाकतं ते बघा."

कंपनीपुढे बोलायची तिची पाळी होती. तालीम आमच्या हॉलमध्ये झाली. श्रोते मी, शिरीष आणि इरा. शिरीषनं सुचवलं की जरा सौम्य घे. इरानं सुचवलं की स्लाइड कमी कर, बोअर होतं. अझारानं इराचं ऐकलं. सगळ्या स्लाइड काढून टाकल्या.

सभा दुपारी होती. मी ऑफिसातून तासभर निसटून खालच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या खाऊगल्लीत, तिची वाट बघत बसले. ती आली, कोपी म्हणजे इथली दाट कॉफी मागवली, आणि मग काय झालं ते सांगितलं. इथली दुपार म्हणजे तिच्या गावची पहाट. तिनं सभेत फोन लावला आणि तो मोठ्या पडद्याला जोडला. समोर धूसर उजेड, गवत, आणि हाका. बहिणीनं फोन धरला होता. डोक्यावर टोपली घेतलेल्या बायकांची रांग नकाशावरच्या पिवळ्या भागातून चालत गेली. मग आई झाडाखाली वाकली. फोनवर कुणीतरी तिला सांगितलं असावं की सिंगापूरचे साहेब बघताहेत, कारण ती तशीच ओणवी राहून म्हणाली, "दासिबा."  "त्या खोलीत कुणालाच उत्तर माहीत नव्हतं," अझारा म्हणाली, आणि तेव्हा मात्र तिचे डोळे भरले.

पण माणसं वाईट नव्हती. त्यांनी टाळ्या वाजवल्या, दोघातिघांनी येऊन हात हातात घेतला. दोन दिवसांत निर्णयही कळवला. अझाराच्या गावाचं माळरान प्रकल्पातून वगळलं. रेघ थोडी पूर्वेला सरकवली.

आम्ही घरी शिरा केला. इरानं मिठीच मारली तिला. अझारा शिऱ्याची वाटी हातात धरून बसून राहिली.

"पूर्वेला काय आहे?" मीच विचारलं.

"झांगा नावाच्या बाईचं गाव. ती माझ्या आईची बाजारातली मैत्रीण." वाटी खाली ठेवून म्हणाली, "त्यांना वाटतंय मी माझ्या आईसाठी भांडत होते. मी काय सांगत होते, ते कुणी ऐकलंच नाही. त्यांनी फक्त माझी आई बघितली."

आता नव्या नकाशावर तिनं सही करायची होती. नाही केली तर प्रकल्पातली तिची जागा जाणार, जागा गेली की सिंगापुरात राहायचा पासही जाणार. मी तिला समजावलं. अगदी मोठ्या बहिणीसारखं समजावलं, की बाई गं, तुझी झाडं वाचली, आत राहिलीस तर उद्या झांगाचीही वाचवशील. बाहेर पडलीस तर तुझ्या जागी दुसरं कुणी येऊन सही करेल. माझं म्हणणं चुकीचं होतं असं मला आजही ठामपणे म्हणता येत नाही. आत राहूनही माणसं बरंच काही करतात.

तिनं सगळं ऐकून घेतलं. "करेल दुसरं कुणीतरी सही," ती म्हणाली. "पण सिस्टर, मी दर हंगामात आईला फोन करते. ती विचारते, झोप कशी झाली? घर कसं आहे? त्यावर 'नाआ' म्हणताना मला अडखळायचं नाही."

एवढंच. आवाज चढला नाही, दार आपटलं नाही. दुसऱ्या दिवशी तिनं सही करणार नसल्याचं कळवलं आणि संध्याकाळी माझ्या कढीत न विचारता मिरची घातली.

जायच्या आधी तिला कुठे जायचंय असं विचारलं, तर म्हणाली, मरिना बेवरच्या त्या काचेच्या बागेत. तिथे बाओबाबची झाडं आणून लावली आहेत, आतली हवा एसीची. आपल्याकडे त्याला गोरखचिंच म्हणतात हे मी तिला सांगितलं, तिला ते फार आवडलं. ती आधी अर्थात खाली बघत होती. बुंध्याभोवती काही पडलेलं नव्हतं, सगळं स्वच्छ. ती बराच वेळ उभी राहिली. "बिचाऱ्याला थंडी वाजत असेल," एवढंच म्हणाली, आणि आपल्या ओढणीचं टोक क्षणभर त्याच्याभोवतीच्या कठड्यावर ठेवलं. मला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

ती गेली त्या सकाळी टॅक्सी खाली उभी असताना ही झाडूवाल्या आंटीचे दोन्ही हात धरून उभी. शिरीष घड्याळ दाखवतोय, इरा रडतेय, आणि या दोघींचं आपलं निवांत चाललंय. मग ती माझ्याकडे आली. "सिस्टर, तू चांगली बाई आहेस," ती म्हणाली, "पण फार वर बघून चालतेस." ती गेल्यावर घर इतकं गप्प झालं, की लिमनीही बेल वाजवून विचारलं, सगळं ठीक ना?

याला आता वर्ष होऊन गेलं. अझारा तिकडे गावोगाव हिंडते आहे, बायकांबरोबर पहाटे निघते, कोणत्या झाडाखाली कोण वाकतं त्याचा नकाशा करते. तिच्या जागी खरंच दुसरं कुणीतरी आलं. पण झांगाच्या गावच्या बायकांनी, कंपनीची माणसं जमीन मोजायला आली तेव्हा एक अट घातली: बोलायचं असेल तर आधी आमच्याबरोबर पहाटे चला. अझारानं मला आवाजाचा मेसेज पाठवला, हसू आवरत नव्हतं तिला. कंपनीचा तरुण साहेब आला, खरंच आला. झांगानं त्याच्या हातात टोपली दिली. तो ऊन वर येईपर्यंत वेचत राहिला, घामाघूम झाला, आणि शेवटी आपला ढीग उचलायला गेला, तर झांगानं त्यावर गवताची गाठ मारून टाकली. साहेबानं विचारलं, हे काय? ती म्हणाली, "मी हे सोडून दिलेलं नाही, एवढाच याचा अर्थ." तो तसाच मागे सरला. कुंपणाचं काम या हंगामापुरतं थांबलंय. पुढे काय होईल ते अझारालाही माहीत नाही. नकाशा अजून पिवळाच आहे.

मेसेज ऐकला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिसला निघाले. पुन्हा तसाच वारा होऊन गेला होता आणि आंब्याखाली सडा पडला होता. मी थांबले. खाली बघितलं. एक आंबा चांगला पिकलेला, अजिबात न फुटलेला, बुंध्याजवळ पडला होता. उचलायचा नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. कायदा तो कायदा. मी इकडेतिकडे पाहिलं, ऑफिसचे कपडे सांभाळत वाकले, गवताच्या लांबशा काड्या तोडल्या आणि गाठ मारून त्या आंब्यावर ठेवली. या वेळी सुटली नाही. मागून इराचा आवाज आला, "मम्मा, व्हॉट आर यू डूइंग?" आणि मग तिनंही पाहिलं, आणि नेहमीसारखं 'पैसेह' म्हणाली नाही.

तेवढ्यात झाडूवाली आंटी आली. खाली पडलेलं सगळं झाडून गोळा करणं हे तिचं रोजचं काम. इतकी वर्षं त्या झाडाखाली रोज तीच वाकत होती आणि मी तिच्या शेजारून स्टेशनला जात होते. तिनं पानं लोटली, फुटके आंबे सुपलीत भरले, झाडू बुंध्यापर्यंत आला आणि थांबला. तिनं गाठीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग तो एक आंबा सोडून त्याच्या चारी बाजूंनी स्वच्छ झाडून घेतलं.

"दासिबा," मी म्हटलं. 

"नाआ," आंटी म्हणाली, आणि झाडू घेऊन पुढच्या झाडाकडे गेली.